घरातून बाहेर जाणारा वेग

सीसीटीव्ही बसवून देणाऱ्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते: "शंभरचं कनेक्शन घेतलंय, तरी फोनवर कॅमेरा अडकतो." तक्रार खरी असते आणि शंभर एमबीपीएसचा आकडाही बहुधा खरा असतो. फक्त तो आकडा राउटरपर्यंत पोचणाऱ्या वेगाचा असतो. कॅमेऱ्याचं चित्र गेटवरच्या खांबापासून निघतं, वाय-फायवरून राउटरकडे येतं, तिथून घराबाहेर पडतं, कधी एखाद्या दूरच्या सर्व्हरला वळसा घालतं आणि मग फोनवर उतरतं. या प्रवासातला सर्वांत अरुंद टप्पा जेवढा, तेवढंच चित्र पाहणाऱ्याला मिळतं.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मराठी घरांमध्ये चांगलाच आत शिरला आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याला राजापूर किंवा सावंतवाडीकडचं बंद घर पाहायचं असतं. ह्यूस्टनमधल्या मुलीला नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आई सकाळी उठली की नाही, एवढंच कळलं तरी पुरतं. द्राक्षबागायतदाराला पंपाच्या खोलीवर नजर हवी असते, तर कामावर गेलेल्या आईबापांना पाळण्यावर. या सगळ्यांना इंटरनेट किती लागतं? उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कमी आहे. पण ते भलत्याच दिशेला लागतं. सिनेमा बघताना घर डेटा घेतं, कॅमेरा बघताना घर डेटा देतं. म्हणजे इथे कसोटी अपलोडची आहे.

वेबकॅमचा इतिहासच मुळी अगदी थोड्या डेटावर सुरू झाला. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेरच्या कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला गेला. इमारतीच्या दुसऱ्या भागातून जिने चढत-उतरत यावं आणि भांडं रिकामं निघावं, हा संशोधकांचा रोजचा त्रास होता. १२८ बाय १२८ बिंदूंचं, करड्या छटांचं, मिनिटाला दोन-तीनदा बदलणारं ते चित्र नोव्हेंबर १९९३ मध्ये वेबवर आलं आणि जगभरातून लोक ते पाहू लागले. ऑगस्ट २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. असं एक चित्र अजिबात न दाबता पाठवलं तरी जेमतेम १६ किलोबाइटचं. तेव्हाच्या साध्या मोडेमवरूनही ते दहाएक सेकंदांत चढलं असतं. भांडं भरलंय की नाही, या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं. आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे, यावर वेगाची गरज ठरते, हे त्या पहिल्याच कॅमेऱ्यानं दाखवून दिलं.

त्यानंतरची सगळी जोडणी मात्र घेणाऱ्यासाठी बांधली गेली. १९९८ च्या सुमाराचा व्ही.९० मोडेम खाली ५६ केबीपीएस आणायचा आणि वर फक्त ३३.६ न्यायचा. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या एडीएसएल तंत्रात खाली ८ एमबीपीएसपर्यंत जागा होती, वर साधारण १. अमेरिकेतल्या केबल इंटरनेटनं अपलोडसाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी ठेवली आणि वरचा सगळा प्रशस्त भाग डाउनलोडला दिला. तेव्हाचा ग्राहक पानं वाचत होता, गाणी उतरवत होता. घरातून चोवीस तास चित्रं पाठवणारं एखादं उपकरण भिंतीवर लटकेल, ही कल्पना त्या आराखड्यात नव्हती.

आपल्याकडेही तेच झालं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ती सेवा घरोघरी न्यायला सुरुवात केली. २०१३ साली ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली, २०२३ साली २ एमबीपीएस. तिन्ही व्याख्या डाउनलोडपुरत्या आहेत. घरातून बाहेर किती वेग मिळायला हवा, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. ज्या देशात गल्लोगल्ली कॅमेरे लागलेत, व्हिडिओ कॉलवर शाळा भरल्या आणि घरून नोकऱ्या झाल्या, तिथे ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही.

आता हिशेब. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला १२ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर कच्चा व्हिडिओ ६२२ एमबीपीएस भरतो. एवढा डेटा साध्या घरातून बाहेर पडणार नाही. म्हणून कॅमेऱ्यातली चिप तो दाबते. २००३ साली आलेलं एच.२६४ आणि २०१३ साली आलेलं एच.२६५ ही या कामाची दोन प्रमुख तंत्रं. दोन्हींची युक्ती एकच: मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं सांगायचं. रिकाम्या ओसरीत काहीच हलत नसेल तर सांगण्यासारखं फार थोडं उरतं. त्यामुळे एच.२६४ वर साधा फुल एचडी कॅमेरा सर्वसाधारणपणे १ ते २ एमबीपीएसमध्ये भागवतो आणि एच.२६५ वर जवळपास तेवढ्याच दर्जासाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा २ ते ४ मागतो, फोर-के त्याहून बराच जास्त.

मात्र हे आकडे स्थिर नसतात, आणि गोंधळ नेमका इथे होतो. दुपारी सुरळीत चालणारा कॅमेरा रात्री का अडकतो? अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले तरी सेन्सरला प्रकाश कमीच मिळतो आणि चित्रात बारीक दाणे थरथरू लागतात. डोळ्यांना ती किरकोळ थरथर वाटते, पण दाबणाऱ्या चिपच्या लेखी प्रत्येक दाणा म्हणजे बदल. पावसाळ्यात तर आणखी भर पडते. जुलैतल्या कोकणात अंगणाकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यापुढे पावसाच्या सरी, हलणाऱ्या माडांच्या झावळ्या, वाहणारं पाणी असं सगळंच हलत असतं. बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, मोकळा ठेवला असेल तर तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. बांधून ठेवला असेल तर वेग तेवढाच राहतो, पण चित्र चौकोनी ठिपक्यांत फुटतं. बंद घर पाहण्याची खरी गरज नेमकी वादळाच्या रात्री असते. म्हणून अपलोडचा अंदाज बांधताना उन्हाळ्यातली दुपार धरू नये, आषाढातली रात्र धरावी.

मग प्रश्न येतो तो फोनच्या पडद्याचा. उभ्या धरलेल्या फोनमध्ये पडद्याची रुंदी साधारण १०८० बिंदूंची असते. त्यात आडवा व्हिडिओ बसवला की तो १०८० बाय ६०८ एवढाच दिसतो. म्हणजे घरून २० लाख बिंदू पाठवले, तरी फोन त्यातले दोन-तृतीयांशाहून जास्त गाळून टाकतो. एवढी दगदग करून वर चढवलेला डेटा शेवटच्या क्षणी वाया जातो. कॅमेरा कंपन्यांना हे ठाऊक असतं. म्हणूनच बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह तयार करतात. मेन स्ट्रीम साठवायला, पूर्ण दर्जाचा. सब स्ट्रीम बघायला, ६४० बाय ३६० सारख्या आकाराचा आणि २५६ ते ५१२ केबीपीएसचा. ॲपमधलं एचडी आणि एसडी हे बटण या दोन प्रवाहांमधला बदल करतं. चार कॅमेऱ्यांची चौकट एकदम उघडली तर बहुतेक ॲप आपणहून सब स्ट्रीम घेतात. तिथे चारही मिळून २ एमबीपीएसच्या आत काम होतं.

आई स्वयंपाकघरात वावरते आहे, दार बंद आहे, गेटवर कोणी उभं आहे, हे सब स्ट्रीमवर स्वच्छ कळतं. चेहरा ओळखायचा किंवा गाडीचा नंबर वाचायचा असेल तेव्हा एचडी दाबावं आणि काम झालं की परत यावं. वृद्ध माणसांच्या घरात तर कमी दर्जाचं चित्र अनेकदा जास्त योग्य असतं. त्यांची खुशाली कळावी एवढाच हेतू असेल, तर प्रत्येक हालचाल ठळक दिसण्याची गरज नाही, आणि त्यांनाही सतत निरखलं जात असल्याचं ओझं वाटत नाही. कॅमेरा कुठे आणि किती वेळ चालू राहणार, हे त्यांना विचारूनच ठरवायला हवं.

डेटा किती संपतो, हा वेगापेक्षा वेगळा प्रश्न आहे. वेग बिटमध्ये मोजतात, साठा बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. १ एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी जातात, दिवसभर चालला की १०.८ जीबी. दिवसातून दहा मिनिटं पाहणारा माणूस १ एमबीपीएसनं रोज ७५ एमबी वापरतो, महिन्याला सव्वादोन जीबी. ही गरज कुठल्याही योजनेत सहज बसते.

फरक पडतो तो चित्रं कुठे साठवली जातात त्यामुळे. भारतात बहुतेक घरांत आणि दुकानांत डीव्हीआर असतो किंवा कॅमेऱ्यातच मेमरी कार्ड असतं. चित्रं घरात साठतात आणि कोणी ॲप उघडलं तरच इंटरनेट वापरलं जातं. १२८ जीबीच्या कार्डावर १ एमबीपीएसनं साधारण बारा दिवस राहतात, मग जुनं पुसत नवं लिहिलं जातं. याउलट सगळं क्लाउडवर सतत चढवणारा कॅमेरा चोवीस तास अपलोड करत राहतो. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे असे चालले तर महिन्याला सुमारे २६०० जीबी वर जातात. आपल्याकडच्या अनेक फायबर योजनांत अमर्याद या शब्दामागे दरमहा ३३०० जीबीची मर्यादा असते. अपलोडही त्यात मोजलं जात असेल, तर घरातल्या माणसांसाठी फारसं काही उरत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हा धडा आधी मिळाला, कारण तिथे कॉमकास्टसारख्या कंपनीनं कित्येक वर्षं १ टीबीची आणि पुढे १.२ टीबीची मासिक मर्यादा ठेवली होती. मधला मार्ग म्हणजे हालचाल झाली तरच छोटी क्लिप चढवणारे कॅमेरे. वीस सेकंदांच्या चाळीस क्लिप २ एमबीपीएसनं चढल्या तरी दिवसाला २०० एमबीच होतात. गेटसमोर रस्ता असेल तर मात्र प्रत्येक रिक्षा क्लिप बनते. तिथे हालचाल टिपण्याची चौकट ॲपमध्ये आखून रस्ता वगळलेला बरा.

शेतातल्या कॅमेऱ्याचं गणित याहून कडक आहे. सौर पॅनल, बॅटरी आणि ४जी सिम असलेले कॅमेरे आता बांधावर दिसतात. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर १ एमबीपीएसचा प्रवाह तीन तास वीस मिनिटांत कोटा संपवतो. त्यानंतर बऱ्याच योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यात सब स्ट्रीमसुद्धा मावत नाही. मोबाइलच्या ज्या पट्ट्यांमध्ये एकाच लहरीवर आळीपाळीनं खाली आणि वर डेटा जातो, तिथे बहुतेक वेळ खाली येणाऱ्या डेटाला दिलेला असतो. त्यातून टॉवर दूर असला की कॅमेऱ्याला टॉवर ऐकू येतो, पण त्याच्या छोट्या अँटेनाचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत नीट पोचत नाही. सिग्नलच्या चार कांड्या दिसत असूनही चित्र चढत नाही, ते यामुळे. शेतकऱ्यानं असा कॅमेरा घेण्याआधी त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम घालून फोनवर अपलोडची चाचणी करावी. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळं दाखवतं.

घरातल्या तक्रारींचं सर्वांत मोठं मूळ मात्र वाय-फायमध्ये सापडतं. स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गीगाहर्ट्झवरच चालतात. ही पट्टी भिंतीतून बरी आरपार जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारी फक्त तीन चॅनल आहेत: १, ६ आणि ११. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत एका मजल्यावरून वीस-पंचवीस राउटर दिसतात आणि सगळे या तिघांतच दाटीवाटीनं बसलेले असतात. वाय-फायवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. गेटवरचा कॅमेरा दोन आरसीसी भिंतींपलीकडे असेल, तर त्याला तोच डेटा हळू वेगानं, पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबून राहतात. म्हणजे १ एमबीपीएसचा एक कोपऱ्यातला कॅमेरा अख्ख्या घराचं वाय-फाय मंद करू शकतो. जांभ्याच्या जाड भिंतींच्या कोकणी घरात तर माजघरातल्या राउटरचा सिग्नल पडवीपर्यंतही धड येत नाही. महागडी योजना घेऊन यातलं काहीच सुधारत नाही. राउटर हलवणं, मध्ये एक ॲक्सेस पॉइंट बसवणं किंवा सरळ लॅनची तार ओढणं, हे उपाय स्वस्त आहेत आणि हमखास लागू पडतात. आपलं दुखणं कुठे आहे ते ओळखायची सोपी रीत आहे: घरात बसून, मोबाइल डेटा बंद करून, त्याच वाय-फायवर कॅमेरा उघडावा. तिथेही अडकत असेल तर इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही.

घराबाहेर पडल्यावर चित्र कोणत्या वाटेनं जातं, हेही पाहायला हवं. पूर्वी राउटरमध्ये पोर्ट उघडून बाहेरून थेट कॅमेऱ्यावर जाता यायचं. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकसाठीचा जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा आटला. तेव्हापासून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घर अशाच सामायिक पत्त्यामागे आहे, असं समजावं. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. आजचे कॅमेरे त्यामुळे पी-टू-पी पद्धत वापरतात. कॅमेरा आणि फोन दोघेही कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतात, सर्व्हर त्यांची ओळख करून देतो आणि जमलं तर दोघे थेट बोलू लागतात. नाही जमलं तर सगळं चित्र त्या सर्व्हरमार्फतच फिरतं. तो सर्व्हर परदेशात असेल आणि गर्दीत असेल, तर दादरच्या ऑफिसातून डोंबिवलीचं घर पाहतानाही चित्र समुद्र ओलांडून येतं.

थेट जोडणीचा एक परिणाम लक्षात येत नाही. पुण्यातले बाबा, बंगळूरची मुलगी आणि टोरोंटोचा मुलगा एकाच वेळी कॅमेरा बघत असतील, तर घरून तीन स्वतंत्र प्रवाह चढतात, म्हणजे अपलोड तिप्पट. क्लाउडमधून बघणाऱ्या कॅमेऱ्यात घरून एकच प्रवाह जातो आणि वाटप वर होतं. जुन्या तारेच्या जोडणीवर अशा वेळी अपलोड पूर्ण भरला की डाउनलोडही बसतं, कारण डेटा मिळाल्याची पोचपावती वर जायला जागाच उरत नाही. दूरच्या देशातून पाहताना विलंबाची भर पडते. मुंबई ते न्यू यॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. सरळ तार असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागले असते. खरा मार्ग वळणावळणाचा असल्यानं वेळ आणखी जातो. नुसतं बघायला याची अडचण होत नाही. दारावर आलेल्या माणसाशी कॅमेऱ्यातून बोलायचं असेल तेव्हा ती जाणवते.

पोर्ट उघडे ठेवण्याची सवय गेली, हे सुरक्षेच्या दृष्टीनंही बरंच झालं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच अपलोडच्या जोरावर डाइन या कंपनीचे सर्व्हर बुडवले. तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. मालकांच्या घरी मात्र बहुतेकांना काही कळलंही नाही. आपण कॅमेरा बघत नसतानाही अपलोड सतत वाहत असेल, तर राउटरच्या पानावर जाऊन तो कुठे जातोय ते तपासावं. पासवर्ड बदलणं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

सगळं मिळून एका साध्या घराला काय लागतं? दोन ते चार कॅमेरे, घरातच साठवण आणि एका वेळी एक-दोन पाहणारे, एवढ्याला ४ ते ५ एमबीपीएसचा भरवशाचा अपलोड पुरतो. घरून व्हिडिओ मीटिंग होत असतील तर आणखी तेवढाच शिल्लक ठेवावा. बहुतेक फायबर जोडण्या याहून कितीतरी जास्त देतात. ज्या तंत्रावर त्या चालतात त्या जीपॉनमध्ये एका तंतूवर खाली सुमारे २.५ आणि वर १.२५ गीगाबिटची सोय असते आणि ती साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. कमी पडतं ते एडीएसएलच्या उरलेल्या तारांवर, मोबाइल सिमवर आणि हवेतून येणाऱ्या काही जोडण्यांवर. तिथल्या जाहिरातीत फक्त डाउनलोड छापलेलं असतं. अपलोडचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापण्याची सक्ती नियामकानं करायला हवी, आणि ब्रॉडबँडच्या पुढच्या व्याख्येत त्याला जागा मिळायला हवी.

शेवटची बाब विजेची. राउटर बंद पडला की वरचे सगळे हिशेब थांबतात, आणि गावाकडे लाइट जाण्याची वेळ सांगून येत नाही. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस राउटर आणि फायबरचा मोडेम काही तास चालू ठेवतो. कॅमेरा त्याच व्होल्टेजचा असेल तर तोही त्यावर चालू शकतो. तरीही चित्र येत नसेल तर अडचण रस्त्यावर असते. जीपॉनच्या वाटेत घरापर्यंत फक्त काचेचे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागत नाही. एक्स्चेंजला बॅकअप असेल तर वाडीत अंधार असतानाही जोडणी जिवंत राहते. काही स्थानिक केबलवाले मात्र इमारतीच्या जिन्यात किंवा खांबावर विजेवर चालणारा स्विच बसवून तिथून लॅनची तार घरात देतात. त्या स्विचला बॅटरी नसेल तर घरातल्या यूपीएसचा काही उपयोग होत नाही. बंद घरासाठी जोडणी घेताना दरमहा किती पैसे आणि किती एमबीपीएस, याच्या आधी हा स्विच कुठे आहे आणि त्याच्यामागे बॅटरी आहे का, हे विचारून घ्यावं.